जोडीचं कार्ड

माझ्या वडिलांना कुणीही वाईट म्हणत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांची चौकशी करतं. ‘हौशीकाका कुठायत? सध्या काय नवीन?’ मी काच पुसत पुसत सांगते, सध्या अमुक चाललंय. गिऱ्हाईक कौतुकानं मान हलवतं. ‘या वयात! शिकण्यासारखं आहे हो त्यांच्याकडून.’ मी म्हणते, हो ना. गेली बावीस वर्षं त्याच स्टुलावर बसून मी हेच म्हणते आहे.

बाबांनी काय काय करून पाहिलं त्याची यादी मला पाठ आहे, पण सगळी सांगत नाही, माझंच डोकं फिरतं. बॅडमिंटन, तलवारबाजी, धनुष्यबाण, चाकांचे बूट, व्हायोलिन, समूहगान, बाहुल्यांचा खेळ. एका नाटकात पोस्टमन झाले होते. पत्र द्यायचं आणि निघायचं, एवढंच काम, तर ते महिनाभर घरातल्या प्रत्येकाला पत्र देत फिरले. प्रत्येक प्रकरण दोन महिन्यांचं, फार तर तीन. पहिल्या दिवशी नवी पिशवी, नवे बूट. जेवताना त्याच विषयाचे शब्द, त्यातल्याच थोर लोकांच्या गोष्टी. मग एक दिवस पिशवी माळ्यावर जायची आणि बाबा म्हणायचे, ‘कंटाळा आला बुवा. दुसरं काहीतरी बघू.’

त्यांना नवशिक्यांच्या रांगेत उभं राहायला आवडायचं, असं माझं मत आहे. तिथे चुकलं तर सगळे हसतात आणि जमलं तर टाळ्या वाजवतात. पुढच्या रांगेत नुसता घाम असतो, आणि तिकडे बाबा कधी फिरकले नाहीत.

धंद्यातही त्यांचं तेच. डोळे तपासताना काचा बदलत विचारायचं असतं, ‘आधीचं बरं की आताचं?’ हा प्रश्न त्यांचा फार लाडका. गिऱ्हाईक बिचारं ‘आता छान दिसतंय’ म्हणालं तरी बाबा म्हणणार, ‘थांबा हो, अजून एक बघू.’ शेवटी आई येऊन पहिलीच काच परत घालायची आणि नंबर लिहून घ्यायची. काचा घासणं, काड्या बसवणं, लोकांना वायदे देणं आणि ते निभावणं, हे सगळं आईचं. ती म्हणायची, ‘माझ्याशी लग्न केलं म्हणून टिकले. माझी शिकवणी लावली असती तर दोन महिन्यांत गेले असते.’ आम्ही दोघी हसायचो. ती माझ्यापेक्षा थोडं कमी हसायची.

दुकानाचा एक कायदा होता. गिऱ्हाइकासमोर घरातल्या एकानं जे म्हटलं, त्याला दुसऱ्यानं मान डोलवायची. बाबांनी ‘उद्या चष्मा तयार’ म्हटलं, आणि काच अजून आलेलीसुद्धा नसली, तरी आई म्हणणार, ‘हो, हो, उद्या.’ मग ती काय करायची ते करायची, पण गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला खोटं पाडायचं नाही. हा कायदा मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले.

मी नऊ वर्षांची असताना बाबांना पोहण्याचा नाद लागला. एकटं काय जायचं, म्हणून मलाही बरोबर घेतलं. तलावावर लहान मुलांसाठी जोडीचं कार्ड असायचं. एका कार्डावर दोन फोटो, एक मोठ्या माणसाचा आणि एक मुलाचा. मूल पाण्यात असेल तर कार्डावरचं मोठं माणूसही पाण्यात हवं, तेही हाताच्या अंतरावर. दुसरं कुणी चालायचं नाही. यातून सुटायचं तर एक परीक्षा होती, न थांबता, कठडा न धरता पन्नास मीटर. ती पास झाली की मुलाला स्वतःचं, एका फोटोचं कार्ड मिळायचं, आणि मग मोठ्या माणसाची गरज नाही.

मला पाणी आवडलं. याहून वेगळं कसं सांगू? शाळेत मी मागच्या बाकावरची, घरात काउंटरखाली बसणारी. पाण्यात मला माझे हातपाय पहिल्यांदाच माझे वाटले. दुसऱ्या महिन्यात मी बाबांच्या पुढे जायला लागले, तर ते ओरडायचे, ‘अगं, हाताच्या अंतरावर! दारावरचा माणूस बाहेर काढेल आपल्याला.’ मी परत फिरायचे आणि त्यांच्याभोवती गोल गोल पोहत राहायचे.

तिथं शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणायचे. त्या कुणाचं कौतुक करत नसत. एकदा त्यांनी मला कठड्याशी थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘येत्या रविवारी परीक्षा. पास झालीस की सकाळच्या गटात ये, माझ्याकडे.’ सकाळच्या गटात आठ जण होते आणि ते स्पर्धांना जायचे. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही. अंथरुणावर पालथी पडून मी हात मारून बघायचे.

आणि सोमवारी बाबा व्हायोलिन घेऊन आले. दोन व्हायोलिनं. एक मोठं, एक छोटं.

‘पण रविवारी परीक्षा आहे,’ मी म्हटलं.

‘परीक्षेचं काय एवढं? पोहायला आलं ना तुला? झालं तर मग.’ त्यांनी छोटं व्हायोलिन माझ्या हनुवटीखाली धरलं. ‘बघ कशी शोभतेस!’

आई म्हणाली, ‘रविवारपर्यंत तरी न्या तिला. मी उतरले असते पाण्यात, पण कार्डावर फोटो तुमचा आहे.’ बाबा म्हणाले, ‘अगं, व्हायोलिनचा वर्गही रविवारीच आहे. पहिला दिवस चुकवून कसं चालेल?’

तरी माझी आशा सुटली नव्हती. गुरुवारी शिट्टीबाई दुकानात आल्या. चष्म्याची काडी निखळली होती. आई बारीक स्क्रू बसवत होती, मी काउंटरशी उभी, बाबा गप्पांना बसलेले. बाई म्हणाल्या, ‘मुलगी तीन दिवस दिसली नाही. रविवारी आणताय ना? तिचा हात चांगला आहे. मी उगाच सांगत नाही.’

बाबा हसले. किती छान हसतात ते! ‘अहो बाई, काय सांगू, हिला आता व्हायोलिनची गोडी लागली आहे. पाण्याचा कंटाळा आला. मुलांचं असंच असतं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हो ना गं?’

बाई चष्म्याशिवाय डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही. दोन अक्षरं. पण समोर गिऱ्हाईक होतं.

मी म्हटलं, ‘हो.’

आईचा हात स्क्रूवर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. बाईंनी चष्मा घातला, ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी परत कधी माझी चौकशी केली नाही, आणि का करावी? संध्याकाळी आईनं विचारलं, ‘हो का म्हणालीस?’ कायदा तिनंच शिकवला होता.

रविवारी मी व्हायोलिन धरून उभी होते. अडीच महिन्यांनी तेही माळ्यावर गेलं. मग धनुष्यबाण, मग चाकांचे बूट. बाबांच्या मागे मी अकरा गोष्टींत नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिले आणि अकराही सोडल्या. लोकांत बाबा लाडानं सांगायचे, ‘पोर माझ्यावरच गेली आहे. कशात म्हणून टिकत नाही.’ मी खाली बघायचे आणि लोक हसायचे.

आता कुणी म्हणेल, मोठी झाल्यावर जायचं होतं तलावावर, कुणी धरलं होतं? कुणीच नाही. वयाच्या अठराव्या वर्षानंतर परीक्षेशिवायही एकटीला सोडत होते. तलाव दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. राग जपायचा असेल तर त्याला उन्हात काढून चालत नाही, आणि मी तो फार नीट जपला. आईचे डोळे थकले तशी मी काचा घासायला बसले. ती गेली आणि मी उरले. हे मला टिकणं वाटतं. बाबा याला ‘दुकान बघते’ म्हणतात.

गेल्या वर्षी बाबा बहात्तर वर्षांचे झाले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पोहा. तलावाचा नियम असा निघाला, की सत्तरीच्या पुढच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी पाण्यात हवं. हाताच्या अंतरावर. जोडीचं कार्ड, दोन फोटो. परीक्षाही तीच, पन्नास मीटर. पास झालं की स्वतःचं कार्ड. दारावरच्या नव्या माणसानं हे मला समजावून सांगितलं, मी ते पहिल्यांदाच ऐकते आहे असं समजून.

चौतीस वर्षांनी मी पाण्यात उतरले. वाटलं होतं विसरले असेन. एकही गोष्ट विसरले नव्हते. खांद्यांना सगळं ठाऊक होतं. पण मला पोहायचं नव्हतं, सोबत करायची होती. रोज सकाळी तासभर मी छातीएवढ्या पाण्यात बाबांच्या शेजारून चालायचे, आणि पलीकडच्या रांगेत सकाळचा गट सपासप जायचा. त्यांच्या लाटा माझ्या अंगाला लागायच्या.

मी मनात म्हटलं, दोन महिने. फार तर तीन. पण बाबा थांबले नाहीत. चौथा महिना झाला, सहावा झाला, सातवा लागला. ते पंचवीस मीटर पोहायला लागले, मग तीस. जन्मात पहिल्यांदा त्यांना काहीतरी टिकवावंसं वाटत होतं, कारण जमिनीवर दुखायचं आणि पाण्यात दुखायचं नाही. हे मला कळत होतं. मुलगी म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. आई गेल्यावर महिनाभरात बाबांनी समूहगान लावलं, तेव्हाही मला इतका राग आला नव्हता.

आता शिकवायला एक तरुण पोरगी आहे. गळ्यात शिट्टी असतेच. गेल्या महिन्यात एका गुरुवारी ती दुकानात आली, गॉगलची काडी सैल झाली म्हणून. यात योगायोग काही नाही. जवळपास चष्म्याचं दुकान आमचं एकच. मी स्क्रू बसवत होते, बाबा खुर्चीत बसून गप्पा मारत होते. ती म्हणाली, ‘काका, रविवारी परीक्षा आहे. येताय ना? तुमचं नक्की होईल.’

माझ्या तोंडून कसं निघालं ते मला सांगता येणार नाही. खरं तर सांगता येईल. चौतीस वर्षं ते तिथंच होतं.

‘अगं, यांना आता कंटाळा आलाय पाण्याचा,’ मी हसून म्हटलं. ‘माणसाचं असंच असतं.’ आणि वळून त्यांच्याकडे बघितलं. ‘हो ना, बाबा?’

समोर गिऱ्हाईक होतं. कायदा त्यांच्याच दुकानाचा होता. मी बघत राहिले. त्यांना आता आठवेल, आता चेहऱ्यावर काहीतरी हलेल, आणि मग ते मान डोलवतील आणि आमचा हिशेब मिटेल.

बाबा म्हणाले, ‘छे, छे! मला कसला कंटाळा? मी येणार आहे.’ आणि त्या पोरीकडे बघून, माझ्याकडे अंगठा करत, लाडानं म्हणाले, ‘हिलाच आला असेल. लहानपणापासून हिचं असंच. पोहणं म्हणू नका, व्हायोलिन म्हणू नका, एवढं सगळं लावून दिलं, एक गोष्ट धड धरून ठेवली नाही. मी विचारायचो, तर हो, कंटाळा आला म्हणायची.’

पोरगी हसली. ‘मग मी उतरते तुमच्याबरोबर रविवारी,’ ती म्हणाली. ‘एक दिवस चालवून घेऊ.’

एवढं सोपं होतं ते. नाही म्हणायचं, आणि कुणीतरी पाण्यात उतरायचं. मी स्क्रू घट्ट केला, गॉगल पुसला आणि तिच्या हातात दिला.

रविवारी मी गेले नाही. सगळ्या तलावानं टाळ्या वाजवल्या, असं बाबांनी आल्या आल्या सांगितलं. नवं कार्ड मला दाखवलं. त्यावर एकच फोटो होता, ओले केस, तोंडभर हसू. ‘आता तू मोकळी,’ ते म्हणाले. ‘उगाच रोज भिजत होतीस बिचारी.’ मग त्यांनी ड्रॉवरमधली कात्री काढली, जुन्या जोडीच्या कार्डावरून माझा फोटो काळजीपूर्वक कापला आणि काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, ‘ठेव. कुठेतरी लागेल.’