इंजिनाची आंघोळ

दसऱ्याला गाडी धुवायची म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनालाच पाइपने आंघोळ घातली आणि वर हळदकुंकू वाहिलं. तेव्हा मी पासष्टची होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. ह्यांच्यामागे उरलेली ती जुनी, ऐटबाज जर्मन गाडी दुसऱ्या दिवशी खोकायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, इंजिन गेलं. स्क्रॅप करू." आंघोळीचं गुपित ठेवून मी म्हटलं, "आधी मेकॅनिकला दाखवू."

इथे कॅनडात, ब्रॅम्पटनमधला आमचा मेकॅनिक वसईचा. बर्फासाठीचे विंटर टायर बदलायला गेलं की भेटायचा. माणसांची चौकशी नाही, गाडीची मात्र डॉक्टरासारखी. "थंड असताना खोकते, की तापल्यावर?" मग डोळे मिटून आवाज ऐकायचा. त्या दिवशी त्याने चालू इंजिनाच्या एकेका सिलिंडरची जोडणी काढून पाहिली. दरवेळी आवाज आणखी बिघडायचा. तिसऱ्याला मात्र काहीच फरक पडला नाही. "हा झोपलाय," तो पुटपुटला. तिथली ठिणगी देणारी कॉईल उपसली, तर खाली लालसर पाणी. त्याने बोटावरचं कुंकू पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय प्रॉब्लेम होता?" मुलाने विचारलं.

"ओल धरलेली. सुकवली की झालं, स्क्रॅप कशाला?" म्हणत त्याने बोट गुपचूप फडक्याला पुसलं.

गाडी एका लयीत चालू लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. किल्ली देताना तो हळूच म्हणाला, "काकू, आमच्या चर्चचे फादरपण गाडीवर पाणी शिंपडतात. पण बॉनेट बंद ठेवून."