पाठलागाच्या मालिकेनंतर

त्या वर्षी दूरचित्रवाणीवर आठवड्यातून एकदा एक हिंदी मालिका लागत असे. कचेरीत काम करणाऱ्या एका तरुणीचा एक माणूस रोज पाठलाग करतो आणि त्या भीतीतून तिला लहानपणी सोसलेला एक जुना प्रसंग पुन्हा दिसू लागतो, अशी तिची कथा होती. वसईजवळच्या निर्मळ गावी आमच्या आळीत तेव्हा मोजक्याच घरी संच होते. त्यांतला एक माझ्या भावाकडे होता. आम्ही दोघी बहिणी त्याच्याच घरी राहत होतो. मी शाळेत शिकवत असे. माझी थोरली बहीण घरची वाडी सांभाळी आणि संध्याकाळी बाजारासाठी सोनचाफ्याच्या कळ्या केळीच्या पानांत बांधत बसे. मालिका सुरू झाली तरी तिचे हात थांबत नसत.

तिने घरी बसण्याचे कारण सर्वांना ठाऊक होते, पण त्याचा उच्चार कोणी करत नसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती शिक्षिका होण्यासाठी अध्यापक विद्यालयात जात होती. वाटेत एक माणूस सायकलवरून रोज तिच्या मागे येऊ लागला. तिने ते वडिलांना सांगितले, आणि वडिलांनी तिचे शिक्षण बंद केले. पुढे मी त्याच विद्यालयात शिकले. तोवर तो माणूस गाव सोडून गेला होता.

मालिका पाहायला शेजारच्या काकू नेमाने येत. त्या संध्याकाळी पडद्यावरचा माणूस पुन्हा त्या मुलीच्या दाराशी उभा राहिला, तेव्हा काकू म्हणाल्या, “मेला एवढा मागे फिरतोय, तर करून टाक म्हणावं एकदाचं लग्न! त्याच्या चपला तरी वाचतील.”

सगळे हसले. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, हसली नाही. ती वसईच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

भाऊ म्हणाला, “हिच्या घरच्यांनी वेळीच नोकरी सोडायला लावली असती, तर मालिका दोन भागांत आटोपली असती.”

“म्हणूनच मी सांगत नाही,” भाची पटकन बोलून गेली.

“काय सांगत नाहीस?”

आता मागे फिरणे शक्य नव्हते. एक माणूस रोज तिच्या बसमध्ये चढत होता आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे येत होता. पावसाळा संपल्यापासून हे चालले होते. वहिनींना ते माहीत होते, असे त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून मला कळले.

भावाने उठून संच बंद केला. “उद्यापासून कॉलेज बंद.”

“बाबा, माझी परीक्षा आहे.”

“बाहेरून बस परीक्षेला. मी तुला मारत नाहीये, तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

काकूंनी चपला शोधायला सुरुवात केली. तेव्हा माझी बहीण मान वर न करता म्हणाली, “दादा, तुम्ही सगळ्यांनी माझं शिक्षण बंद केलंत, तेव्हा त्याचं काय बंद झालं?”

“तो विषय आता कशाला?”

“तो येतच होता. आधी वाटेवर यायचा, मग आपल्या कुंपणापाशी यायला लागला. विहिरीवर गेले की सायकलची घंटा वाजवायचा. गाव सोडेपर्यंत.”

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिला. “तू कधी बोलली नाहीस.”

“एकदा बोलले, तर शिक्षण गेलं. दुसऱ्यांदा बोलले असते, तर काय विहीर बंद केली असतीत?”

एवढे बोलून तिने पुढची पुडी केळीच्या वाळल्या सोपटाने बांधली. काकू चपला हातात धरून तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ भाचीबरोबर बसने गेला. त्याने कंडक्टरला तो माणूस दाखवला आणि सगळ्या प्रवाशांसमोर त्याला नाव-गाव विचारले. तो मधल्याच थांब्यावर उतरून गेला. त्यानंतरही भाऊ कित्येक दिवस तिच्याबरोबर जात राहिला. कॉलेज बंद झाले नाही.

मला वाटले होते की बहिणीला आनंद होईल. पुढे एका दुपारी ती ओसरीवर आडवी झाली असताना मी तसे म्हणाले. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “तू मास्तरीण ना? मग एक सांग. मी तेव्हा घरी काही सांगितलंच नसतं, तर माझं शिक्षण पुरं झालं असतं का ग?”

मी विचार केला. तिला खोटे उत्तर देणे मला जमले नसते.

“झालं असतं,” मी म्हणाले.

“मग पोर गप्प राहत होती, तेच बरोबर होतं,” ती म्हणाली आणि तिने कूस बदलली.

वर्गातील मुलींना मी वर्षानुवर्षे सांगत आले होते की असे काही घडले तर घरी सांगा. ही सूचना अपुरी आहे, हे मला त्या दुपारी कळले. तेव्हापासून पालकांच्या सभेत मी वडिलांसाठी दुसरी सूचना जोडू लागले: मुलगी येऊन सांगेल, तेव्हा तिच्या हातातले दप्तर काढून घेऊ नका. ती ऐकताना बहुतेक वडील मान डोलावत आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. मी ती सूचना पुन्हा एकदा, सावकाश, सांगत असे.