कच्च्या आवृत्तीची परवानगी

आमच्याकडे बोलायला टॅब्लेट लागायचा. म्हणजे ह्यांना लागायचा, माझ्या नवऱ्याला. माझं तोंड सुरू व्हायला काहीच लागत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. ह्यांना असा आजार झाला होता की शरीरातले स्नायू एकेक करून संप पुकारत होते. आधी पाय गेले, मग जीभ जड झाली, मग बंदच पडली. उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटाने हे पडद्यावर अक्षरं दाबायचे आणि वाक्य पुरं झालं की टॅब्लेट ते मोठ्याने म्हणायचा. आवाज कुणा परक्याच माणसाचा, पण मला त्याची सवय झाली होती. स्वयंपाकघरात तो आवाज आला की मी 'आले हो' म्हणायचे, जशी पूर्वी ह्यांच्या हाकेला म्हणायचे.

आषाढात ते बोटही कुरकुरायला लागलं. एक अक्षर दाबावं तर शेजारचं दाबलं जाई, ते खोडून परत दाबावं लागे. मला धीर कुठला! मी पहिल्या अक्षरावरूनच अंदाज बांधायचे. "पाणी? पाठ दुखतेय? पंखा?" पाचातले चार अंदाज खरे निघत, म्हणून मला वाटायचं की आपलं छान चाललंय.

अशात मुलीचा फोन आला. ती पुण्याला असते, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. इथे बनारसलाच वाढलेली, त्यामुळे घाईत असली की हिंदीवर घसरते.

"आई, सुनो तो. टॅब्लेटची नवी सिस्टम येतेय. त्यात डोळ्यांनी सगळं चालवता येतं. बाबा ज्या अक्षराकडे बघत थांबतील ते दाबलं जाईल. बोट लागणारच नाही."

मी देवाला हात जोडणार तोच ती पुढे म्हणाली, "पर अभी बीटा है. म्हणजे कच्चं. लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून सोडलंय. पक्कं यायला गणपती होऊन जातील. रोजच्या वापराच्या टॅब्लेटवर टाकू नका, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. काहीही बंद पडू शकतं. बाबांचा बोलायचा प्रोग्रॅमसुद्धा."

"मग झालंच की! ज्याने रांधलं तोच म्हणतोय खाऊ नका, तर आपण कशाला ताट पुढे करायचं?"

"आणि परत जुनं हवं म्हटलं तर सगळं पुसावं लागेल," ती म्हणाली. "मी सांगणार नाही, टाक किंवा नको टाकू. तुम्ही दोघं ठरवा."

दुसरा टॅब्लेट घ्या की, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. सांगणाऱ्याचं काय जातं! दुखण्याने घर धुऊन नेलं होतं आणि हा टॅब्लेटसुद्धा मुलीनेच पाठवलेला. मी विषय मिटवून टाकला. गणपतीनंतर बघू, असं ह्यांना सांगून टाकलं. ह्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. गणपतीपर्यंत ते बोट टिकेल का, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला होता. तो कुणी काढला नाही.

मग दवाखान्याची फेरी आली. डॉक्टर भले गृहस्थ, पण बाहेर ही रांग. त्यांनी ह्यांची छाती तपासली आणि ह्यांच्याकडेच बघून हिंदीत विचारलं, की पुढे श्वास कमी पडला तर गळ्याला छिद्र पाडून मशीन लावायचं का? ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. ह्यांचं बोट उचललं गेलं. ते पडद्यावर टेकायच्या आत मी बोलून मोकळी झाले. "हाँ डॉक्टर साहब, सब कीजिए. जो लगे, सो कीजिए." डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढचा रोगी आत आला.

घरी आल्यावर हे लिहायला बसले. मी भाजी चिरून, कुकर लावून परत आले तेव्हा कुठे तो परका आवाज म्हणाला, "प्रश्न मला विचारला होता."

माझं डोकं सणकलं. "मग काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसू? तुमचं एक अक्षर उमटेतो डॉक्टरांचे दोन पेशंट होतात! आणि चुकीचं काय बोलले मी? जगवा म्हणाले, मारा नाही म्हणाले!" एवढं बोलून मी तरातरा आत निघून गेले. आमची सगळी भांडणं तेव्हा अशीच संपायची. ह्यांचं वाक्य तयार होईपर्यंत समोर मी नसायचेच. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी रागावले नव्हते, घाबरले होते. तुमचं उत्तर काय होतं, एवढं साधं मी विचारलं नाही, कारण मला ते ऐकायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला. "बीटा टाक."

"अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? हे बंद पडलं म्हणजे? आहे तेवढंही जाईल."

हे जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. चालू सिग्नलला हात लावायचा नाही, हा ह्यांचा धर्म. दुरुस्ती करायचीच असेल, तर आधी स्टेशन मास्तरकडे लेखी परवानगी मागायची. त्याची सही झाली की मगच पेटी उघडायची, आणि काम संपेतो सिग्नल बंद. तेवढा वेळ गाड्या हळूहळू काढायच्या, हातात झेंडी घेतलेल्या माणसाच्या भरवशावर. लग्न झाल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की स्वप्नातसुद्धा म्हणून दाखवीन. म्हणून मी ह्यांचंच शस्त्र ह्यांच्यावर चालवलं. "चालू लाइनीला हात लावायचा नाही म्हणून कोण सांगायचं हो?"

हे हसले. त्या आजारात हसू फक्त डोळ्यांत उरतं. मग बराच वेळ बोट चाललं. मी अंदाज करायला तोंड उघडलं, तशी ह्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट खाली बसले. लिहून झालं ते असं: "परवानगी घेऊन लावतात. मास्तर तू. परवानगी दे."

मी लगेच दिली नाही. गच्चीवर गेले. गंगा वर चढली होती, घाटाच्या बऱ्याचशा पायऱ्या पाण्याखाली होत्या, आणि नावा बांधून ठेवल्यामुळे पलीकडच्या काठाचं, रामनगरकडचं पात्र अगदी रिकामं दिसत होतं. तिथे उभी राहून मी रडले. मला दोन्हीची भीती वाटत होती. कच्चं टाकलं आणि सगळं बंद पडलं, तर हा माणूस जिवंतपणी गप्प होणार. आणि ते नीट चाललं, तर त्याला जे म्हणायचंय ते तो म्हणणार. दुसरी भीती मोठी होती. मलाच तिची लाज वाटली. खाली येऊन म्हणाले, "दिली परवानगी. काही झालं तर मला बोल लावायचा नाही."

रविवारी मुलगी फोनवर एकेक पायरी सांगत गेली, मी दाबत गेले. पडदा काळा झाला. एक बारीक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. मधल्या वेळेसाठी आम्ही ठरवलं होतं, की डोळे मिटले तर हो, उघडे ठेवले तर नाही. पण मला विचारायलाच काही सुचेना. सबंध दुपार मी ह्यांच्याजवळ बसून होते आणि घरात त्या परक्या आवाजाचीसुद्धा मला आठवण येत होती.

संध्याकाळी टॅब्लेट उठला. नजर ओळखून घ्यायला पडद्यावर ठिपके येत गेले, ह्यांनी एकेकाकडे बघितलं, आणि खरंच, ह्यांच्या नजरेबरोबर एक गोल खूण हलायला लागली. 'क'वर थांबली, 'क' उमटला. मी टाळ्या वाजवल्या. मग बोलायचा प्रोग्रॅम उघडला. तो उघडला आणि मिटला. परत उघडला, परत मिटला. मुलीने फोनवरून मला नाना खटपटी करायला लावल्या, पण छे! शेवटी ती म्हणाली, "आई, आवाज गया. पुढची सुधारणा येईपर्यंत थांबावं लागेल." पुढे काही आठवड्यांनी तो आवाज परत आलाही. पण त्या संध्याकाळी मी कपाळाला हात लावला.

"बघा! सांगितलं होतं ना?" मी ह्यांच्यावर ओरडले.

ह्यांनी उत्तर द्यायला साध्या लिहिण्याच्या पानावर डोळ्यांनी लिहायला सुरुवात केली. खूण थरथरत होती, पण बोटापेक्षा कितीतरी भराभर जात होती. आवाज नसल्यामुळे मला आत निघून जाता येईना. काय लिहिलंय ते बघायला समोर बसावंच लागलं. लिहिलं होतं, "ओरडू नकोस. तू वाच."

"मी?"

"मोठ्याने. तिला ऐकू दे."

फोन माझ्या हातात होता, मुलगी लाइनीवर. पडद्यावरचं तिला दिसत नव्हतं. हे लिहीत होते आणि मी एकेक अक्षर उमटताना बघत होते. या वेळी मी अंदाज बांधला नाही. दुसऱ्याच शब्दाला मला सगळं कळून चुकलं होतं, तरी नाही.

"बाळ, गळ्याला छिद्र नको. मशीन नको. जेवढा श्वास आहे तेवढा पुरे. डॉक्टरांना आई हो म्हणाली, ते तिचं उत्तर आहे. माझं नाही."

"आई?" मुलगी तिकडून म्हणाली. "बाबांनी काय लिहिलं?"

'आशीर्वाद दिलाय' म्हटलं असतं तर संपलं असतं. कुणाला कळणार होतं? ह्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे लावली होती. माझ्याकडे बघत असताना ह्यांना काहीच लिहिता येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. हे बघत राहिले.

मी वाचलं. पण 'मशीन नको' म्हणेतो माझा आवाज चिरकला, आणि पुढचं सगळं मी रडण्यातच गिळून टाकलं. मुलीला धड काही कळलं नाही. ती नुसती "आई, आई" करत राहिली.

ह्यांची नजर पडद्याकडे वळली. खूण सावकाश फिरली.

"परत वाच. नीट."

मी पदराने तोंड पुसलं, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत परत वाचलं.