सासूबाईंना विचारलेले प्रश्न

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या. परळच्या डॉक्टर बाईंनी रक्ताचा कर्करोग आहे असं सरळ सांगितलं. मात्र तो कोणता, हे जनुकांची तपासणी झाल्यावरच कळणार होतं. एका प्रकारात रोजच्या गोळीवर भागतं, बाकीच्यांत केमोथेरपी. रिपोर्टला पंधरा दिवस लागणार होते.

नुसतं बसून राहणं मला जमत नाही. जनुकं म्हणजे घराणं, असं धरून मी वही उघडली. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी; तीन पिढ्या, चार रकाने. गावी फोन केले. लालबागला घरातच असलेल्या सासूबाईंना तर दोन संध्याकाळी समोर बसवलं. त्यांचा एक भाऊ लहानपणी गेला होता, अंगावर काळेनिळे डाग येत त्याच्या. ते मी लाल शाईने लिहिलं आणि त्यांनी ते पाहिलं.

त्यानंतर त्यांचं मुलाला येताजाता लाडाने ‘मेल्या’ म्हणणं बंद झालं. ताटात अर्धं अन्न राहायला लागलं. मुलाची काळजी असेल, असं मला वाटलं.

रिपोर्टच्या दिवशी त्या हट्टाने आमच्याबरोबर आल्या. डॉक्टर म्हणाल्या, ज्यावर गोळी चालते तोच बदल सापडलाय. मी सवयीने वही पुढे केली, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "भावाचं दुखणं माझ्याकडूनच ह्याला गेलं ना?"

डॉक्टरांनी वही मिटली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आजी, तुमच्याकडून काही गेलेलं नाही. हा बदल जन्माचा नाही. मोठेपणी त्यांच्या रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत झालाय. मुलांनाही जाणार नाही. का झाला, ते आम्हालाही सांगता येत नाही."

बाहेर तोबा गर्दी होती, तरी त्यांनी हे सगळं पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं. आता दर तीन महिन्यांनी त्याच तपासणीला जातो. बदललेल्या पेशींचा आकडा खाली येतोय. गोळीइतकेच त्या दुसऱ्यांदा सांगण्याचे मी आभार मानते.

त्या दिवशी निघताना लिफ्टमध्ये मी सासूबाईंना म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी नुसता माझा हात दाबला. रस्त्यावर येताच मात्र मुलाकडे वळून आपल्या मालवणीत म्हणाल्या,

"मगे मेल्या, इतके दिवस तोंड पाडून कित्याक बसलंस?"

पंधरा दिवसांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच मेल्या म्हटलं होतं.