पत्ता : पिठाच्या गिरणीमागे

"टीव्ही कुठंय मग?" बँकेतल्या कर्जाच्या साहेबानं विचारलं.

मी म्हटलं, "कुठला टीव्ही?"

"कलर टीव्ही. हप्त्यानं घेतलेला. शेवटचे दोन हप्ते बुडवलेत तुम्ही."

हे त्यानं हळू आवाजात सांगितलं नाही. माझ्या मागं रांगेत चार माणसं होती, शेजारच्या टेबलावर एक बाई पासबुक भरत होती. सगळ्यांनी ऐकलं. मी रात्रपाळी करून थेट आलेली. अंगावर दवाखान्याची पांढरी साडी, हातात डब्याची पिशवी. महापालिकेच्या दवाखान्यात बारा वर्षं सिस्टर आहे मी, कायम नोकरी. पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, नेमणुकीचं पत्र, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीनं लावून नेलं होतं. त्यानं फोल्डर उघडलंसुद्धा नाही.

"साहेब, मी जन्मात हप्त्यानं काही घेतलेलं नाही."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय का?"

कॉम्प्युटरचं तोंड त्याच्याकडं होतं. मी म्हटलं, मला दाखवा ते. तर म्हणे, "दाखवता येत नाही. इंटर्नल असतं." गुन्हा माझ्या नावावर, आणि कागद मीच बघायचा नाही. मग त्यानं खुर्ची मागं रेलली आणि विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

हा प्रश्न मला पाठ आहे. आडनावावरून नक्की होत नाही तेव्हा गाव विचारतात. गावावरूनही झालं नाही, तर गावात घर कुठल्या अंगाला होतं ते विचारतात. मी म्हटलं, "चांदवडकडं." तो "हं" म्हणाला आणि अर्जावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "पिठाच्या गिरणीमागे, नाशिकरोड." मग हसला. "हा काय पत्ता झाला?"

झाला. तो आमचा पत्ता आहे. माझा बाप आणि त्याच्या गावचे लोक कामासाठी इकडं आले ते एका मोकळ्या जागेवर राहिले. अर्ध्या गल्लीचं आडनाव एक. घरांना नंबर कधी पडलेच नाहीत. पोस्टमन आत शिरायचा नाही, का शिरायचा नाही ते त्यालाच विचारा. सगळ्यांची पत्रं तो गिरणीत टाकायचा. गिरणीवाले अण्णा ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि दळण न्यायला गेलं की हातात द्यायचे. नर्सिंगला नंबर लागला त्याचं पत्र मला असंच मिळालं, पीठ झटकून. त्यामुळं रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, पासबुकावर सगळ्यांनी एकच लिहिलं. शंभरावर घरं असतील, पत्ता एक. त्या काळात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण आमचे कागद बघायला येत होतं कोण?

मला घर हवं होतं ते संडासासाठी. स्पष्टच सांगते, लाजायचं काय त्यात? आमच्या वस्तीचा संडास गल्लीच्या पार टोकाला आहे. आई दोन वर्षांपूर्वी तिथं जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती दुपारनंतर पाणी पीत नाही, म्हणजे जावं लागायला नको. मी नर्स, लोकांना पाणी प्या म्हणून सांगते, आणि माझी आई तहान मारून बसते. पाथर्डी फाट्याकडं दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. तळमजला, आत संडास. आई बघायला आली तेव्हा सगळं सोडून आधी तेच दार उघडून उभी राहिली. बयाणा दिला. बिल्डर म्हणाला दीड महिन्यात कर्ज आणा.

आणि आता हा टीव्ही.

मी उठताना साहेबानं एक वाक्य सोडलं होतं. "घरातल्याच कुणीतरी घेतला असेल तुमच्या नावावर. तुमच्याकडं चालतं असं." तुमच्याकडं! मी फोल्डर उचललं आणि निघाले. पण ते वाक्य घेऊन घरी आले, हे जास्त वाईट. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. कधी काम असतं, कधी नसतं. तो बाहेर गेलेला बघून मी त्याची पेटी उघडली. लायसन, टेम्पोची कागदं, लग्नाचे फोटो, सगळं खाली काढून एकेक चाळत बसले. तो दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

"काय हुडकते ताई?"

मी खरं सांगितलं. तो आत आला, कागद गोळा केले, पेटी लावली. "त्या बँकवाल्यानं इचारलं, ठीक हाय," तो म्हणाला. "तू बी?" त्या दिवशी तो जेवला नाही. मला माफी मागायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा संशयही गेला नव्हता.

आठ दिवस मी सगळ्या गल्लीकडं तसंच बघत होते. कुणाच्या दारातून टीव्हीचा आवाज आला की वाकून बघायचे, रंगीत आहे का. ज्या बायकांनी मला कडेवर खेळवलं त्यांच्याकडं! शेवटी दळण न्यायला गेले तेव्हा अण्णांना विचारलं. ते चाळणी झटकत म्हणाले, "अगं, तुझ्या नावाची अजून एक हाय की मागच्या आळीला. द्राक्षवाली."

द्राक्षवाली काकू. दिंडोरीला बागेत छाटणीला, मणी विरळायला जाते, पहाटेच्या गाडीनं. नाव माझंच, आडनाव गल्लीचं, पत्ता गिरणीचा. फॉर्मवर नवऱ्याचं नाव कुणी भरलं नसेल. कॉम्प्युटरनं आम्हा दोघींची मिळून एक बाई केली होती.

मी तणतणत गेले तिच्याकडं. दारातूनच म्हटलं, "काकू, तुझे हप्ते माझ्या डोक्यावर आलेत." तिनं आधी मला बस म्हटलं. मग फळीवरून एक पिशवी काढली. पिशवीत पावत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"एक बी चुकवला नाय मी. शेवटचे दोन तर वसुलीवाला बागेत येऊन घेऊन गेला. ही बघ त्याची सही." मग ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला वाटलं व्हय, मी बुडवलं?"

मी खाली बघत पावत्या पुन्हा दोऱ्यानं बांधल्या. तिनंच पिशवी उचलली. "चल, उद्या खाडा करते. दाखवू त्याला."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. आम्ही साहेबासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसलो. त्यानं तिच्याकडं बघून मला विचारलं, "ह्या कोण?"

आता हे सांगताना माझी मान खाली जाते. मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत."

काकूनं ऐकलं. पावत्या टेबलावर मांडत राहिली. त्यानं दोन बोटांनी एक उचलली आणि टाकून दिली. "असल्या पावत्या कुणीही छापतं." मग तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. खुर्ची कस्टमरसाठी आहे." ती उठली. पावत्या गोळा करायला तिला वेळ लागला, बोटं छाटणीच्या कात्रीनं कडक झालेली. मी मदत केली नाही.

ती गेल्यावर साहेबाचा आवाज एकदम गोड. "मॅडम, तुम्ही नोकरीवाल्या. तुमचं वेगळं आहे. ह्या लोकांच्यात कशाला अडकता? ह्या पत्त्यावर तुमची केस पुढं जाणार नाही. तो एरियाच आमच्या लिस्टमध्ये आहे."

"कसली लिस्ट?"

"निगेटिव्ह. तिथं कर्ज देत नाही आम्ही. टीव्ही-बिव्ही ठीक आहे हो, निघेल ते. तुम्ही पत्ता बदला. गंगापूर रोडला कुणी असेल ना ओळखीचं? मागच्या तारखेचा भाडेकरार करा. बाकी मी बघतो."

म्हणजे बघा. ज्या टीव्हीपायी मी भावाची पेटी उपसली, आठ दिवस गल्लीवर संशय घेतला, तो टीव्ही मुद्दाच नव्हता. कागदावरची चूक निघाली असती. आम्ही त्या लिस्टमधून निघणार नव्हतो.

त्यानं नवा फॉर्म पुढं केला. मी भरायला घेतला. हो, घेतला. आमच्या मेट्रन गंगापूर रोडला राहतात, नाही म्हणाल्या नसत्या. डोळ्यासमोर आई होती, ते दार उघडून उभी राहिलेली. पत्त्याच्या रकान्यात मी 'गंगापूर' एवढं लिहिलं. मान वर केली तर काचेपलीकडं काकू दिसली. बाहेर बाकडं रिकामं होतं, पण ती भिंतीला लागून उभी होती, पिशवी पोटाशी धरून. बाकड्यावर बसू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मला शिसारी आली, स्वतःचीच. एकही हप्ता न चुकवणाऱ्या बाईला मी ओळखीची म्हणाले होते, आणि खोटा करार सुचवणारा हा माणूस मला मॅडम म्हणत होता. मी 'गंगापूर' खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला. खाली लिहिलं, पिठाच्या गिरणीमागे. मग बाहेर गेले, काकूला हाताला धरून आत आणलं आणि तिच्या खुर्चीवर बसवलं.

"ह्या माझ्या काकू आहेत," मी म्हटलं. "आणि हा माझा अर्ज. नाकारायचा तर लिहून द्या. त्या वस्तीत राहते म्हणून नाकारला, असंच लिहा. खाली सही करा, शिक्का मारा."

"असं लेखी देत नसतात, मॅडम."

"मग तोंडी कसं देता?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "स्वतःचं नुकसान करून घेताय तुम्ही."

ते खरं होतं. फ्लॅट गेला. बिल्डरनं बयाणा कापून परत दिला. आईला सगळं सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "लिहायचं व्हतं की खोटं. जग लिहितं. तुझा ताठा मला संडासला पोचवतो का?" महिनाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. रोज ड्युटीच्या आधी तिचा हात धरून गल्लीच्या टोकाला नेते, बाहेर उभी राहते, परत आणते.

भावाची माफी मागितली. तो "जाऊ दे" म्हणाला, पण पेटीला कुलूप घातलं त्यानं.

टीव्हीच्या हप्त्यांच्या कंपनीला मी रजिस्टर पत्रं पाठवली, पावत्यांच्या झेरॉक्स जोडून. पाच महिन्यांनी एक ओळ आली, नोंद दुरुस्त केली आहे. चूक कुणाची, ते त्यात नव्हतं. त्या बँकेनं अजून काही लिहून दिलेलं नाही. दुसऱ्या बँकेतही लिस्ट निघाली, तिथलेही तोंडीच बोलले. आता तिसरीकडं अर्ज दिलाय. मेट्रन म्हणाल्या, माझा पत्ता घाल गं. चांगल्या मनानं म्हणाल्या. मी नाही घातला.

आता वस्तीतलं कुणीही अर्ज घेऊन निघालं की मी रजा टाकून बरोबर जाते. नातं विचारलं तर नातं सांगते. पोच घेते, आवक नंबर घेते, कर्मचाऱ्याचं नाव उतरवून घेते. बँकेतले लोक वैतागतात, बसू द्या त्यांना वैतागत. द्यायचं असेल तर ह्या पत्त्यावर द्यावं लागेल. द्यायचं नसेल तर कागदावर, सहीनिशी, कारण लिहून. तोंडी 'नाही' मी कुणाचंही घेत नाही.