छाटू कुठं हाय?

अन्याय छाटूवर झाला. छाटू म्हणजे मांजराचं पिल्लू. राखी रंगाचं, पाच-सहा महिन्यांचं, मागचा डावा पाय अधू. अन्याय झाला तो बालाघाटात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. आमच्या धम्मदीक्षेला तेरा वर्षं होत आली होती, त्या सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, परसवाड्याची बस सुटल्यानंतर आणि लामत्याची येण्याआधी.

हसलात? हसून घ्या. ही सुरुवात माझी नाही, बिडीवाल्या मावशीची आहे. तिने सांगितली तेव्हा मी छापली नाही. आज छापतो आहे, तीन वर्षं उशिरा. ज्याला ती झोंबायला हवी तो अजून गादीवर बसून आहे, म्हणून छापतो आहे.

मावशी रस्त्याकडे बघत नसे, ऐकत असे. ओसरीवर मांडीत सूप, सुपात जर्दा आणि कापलेला तेंदूपत्ता, मान खाली. बोटं पान वळत, दोरा गुंडाळत, आणि कान रस्त्यावर. "बैहरची," ती म्हणायची, आणि बैहरची बस वळणावर दिसायची. "उकव्याचा टरक. भरेल हाय," म्हणायची, आणि मँगनीजने खच्चून भरलेला ट्रक आमची घरं हलवत जायचा. छाटू आल्यापासून या कानांना काम लागलं. गाडी जवळ आली की पानं कापायची कैची ती ओसरीच्या पत्र्यावर तीनदा आपटायची. टण, टण, टण. छाटू असेल तिथून तीन पायांवर उड्या मारत सुपाशी हजर. पुढे पुढे त्या टणटणीवर आख्खी गल्लीच बाजूला व्हायला लागली, सायकलवालेसुद्धा.

छाटू लामत्याच्या बसमधून आला. धानाच्या पोत्यांमागून निघाला आणि थेट मावशीच्या ओसरीवर चढला. "बिनतिकीट आला, पन आपल्या पायानं उतरला," मावशी सांगायची. नाव मात्र मुनीमाने दिलं. बायका बिड्या घेऊन गोदामावर गेल्या की तिथला मुनीम एकेक कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, दाबून पाही आणि वाकडी, पोकळ, सैल बिडी बाजूला काढी. त्या नापास मालाला छाट म्हणतात. एकदा पिल्लू मावशीच्या मागे मागे गोदामात गेलं. मुनीमाने त्याचा पाय पाहिला आणि म्हणाला, "बाई, ये भी छाट है."

"हौ, छाट हाय," मावशी म्हणाली. "मंग वापस दे. माहा माल हाय." आणि पिल्लू पदरात घालून घेऊन आली.

"वापस दे" हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. मुनीम छाट कधी परत देत नसे. बायकांच्या हातची बिडी नापास करायची आणि तीच गुपचूप दुकानात धाडायची, ही त्याची जुनी कला. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलायची एकटी मावशी. "छाट केली न? मंग माह्यासमोर मोड." तो मोडत नसे. मग तीच हात घालून दोन-चार बिड्या त्याच्या डोळ्यांसमोर कडाकडा मोडायची आणि हात झटकून निघायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मुनीम हसत नसे. तो साठवत होता.

"कोनाचंच नाही, त मंग ते सगळ्याइचं हाय," हा मावशीचा कायदा. त्या कायद्याने गल्लीत छाटूच्या पाळ्या लागल्या. सकाळचं दूध हॉटेलवाल्याकडे, मासळीची डोकी ज्याच्या घरी मासळी त्याच्याकडे, आणि शनिवारी मी. मी तेव्हा संघटनेत नवा होतो, पत्रकं लिहीत होतो, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. दोन शनिवार चुकवले. मावशीने भर रस्त्यात गाठलं.

"काहून रे लेका? मोर्च्यात 'आम्ही सारे एक' म्हून बोंबलतं, अन् मांजराच्या पाळीले एक बी नाही सापडत?"

तिसरा शनिवार चुकवायची माझी छाती झाली नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा. तेंदूपत्ता नरम राहावा म्हणून तो ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. छाटूने उन्हाळाभर त्या गारव्यात झोप काढली. त्यामुळे पोतं दिसलं, तोंड उघडं दिसलं, की तो आपणहून आत शिरायचा. त्याला धरावं लागत नसे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे नारबोद निघते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गवताची बाई करायची, ओढत गावाबाहेर न्यायची, "खासी-खोकला, माशा-मच्छर घेऊन जा गे नारबोद!" म्हणून ओरडायचं आणि शिवेवर जाळायची. दीक्षेनंतर आमच्या वस्तीने हे सोडलं होतं. तरी लोक दारात उभे राहून बघायचे. म्हणून त्या वर्षी मी पत्रक काढलं, जाड अक्षरात: "नारबोद जाताना दारे लावून घ्या. अंधश्रद्धेकडे पाठ फिरवा." पत्रक झकास वठलं होतं. वस्तीने ते अक्षरशः पाळलं. मावशी, जी तापातसुद्धा ओसरी सोडत नसे, तीही आत गेली आणि कडी लावून बसली. छाटू हॉटेलवाल्याकडे दुधाला गेला होता. बाहेर ढोल, पत्र्याचे डबे, शे-दोनशे माणसांची बोंब. त्या गोंगाटात मावशीच्या कानांना काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

आमची सगळी दारं बंद होती. रस्त्यावर काय चाललंय हे बघायला आमच्यातलं एकही माणूस नव्हतं. ही व्यवस्था मी केली होती.

नारबोद ओढणाऱ्या गाडीवानाने पुढे मला सांगितलं, मान खाली घालून. मुनीमाने तोंड बांधलेलं पोतं आणून नारबोदेच्या पाठीवर अडकवलं. "पुराने झाडू हैं, इसके साथ जला देना." वाटेत पोतं हललं. "मले वाटलं उंदीर असन," गाडीवान म्हणाला. शिवेवर आग लावली. त्याच्या पुढचं त्याने सांगितलं नाही. मीही लिहीत नाही.

हे कळण्याआधीचे दोन दिवस मावशी ओसरीवर कैची आपटत होती. बस नाही, ट्रक नाही, रस्ता मोकळा, आणि टण, टण, टण. लोक सवयीने बाजूला व्हायचे आणि वळून बघायचे, काहीच येत नसायचं. तिसऱ्या दिवशी ती बिड्या घेऊन गोदामावर गेली. मुनीमाने कट्टा दाबता दाबता विचारलं, "दो दिन से क्या ठोक रही हो, बाई? तुम्हारी छाट तो नारबोद ले गई."

मावशी तिथून निघाली. घरी आली आणि सूप पालथं घातलं. शेजारणीने पाहिलं, काय झालं विचारलं, ऐकलं, आणि स्वतःचं सूप पालथं घातलं. आणखी तीन दिवसांत गल्लीच्या दोन्ही अंगांना ओसरी-ओसरीवर पालथी सुपं. गोदामावर एक बिडी जाईना.

मावशी माझ्याकडे आली. "पत्रक काढ. पयले लिव कोनावर अन्याय झाला. मंग लिव कवा झाला, बराबर टाइम टाकून. मंग लिव, मुनीमानं माह्या ओसरीवर येऊन सगळ्याइसमोर सांगावं का मीच केलं म्हून."

मी रात्रभर नव्हे, तासाभरात पत्रक लिहिलं, मला सवय होती. मजुरी लिहिली, छाट समोर मोडण्याची मागणी लिहिली, शोषण हा शब्द चारदा लिहिला. मावशीला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं.

"छाटू कुठं हाय?"

"मावशी, मांजरासाठी संप म्हटलं तर लोक हसतील. मागणीचं वजन जाईल."

तिने कागद माझ्या हातातून घेतला. अंगठा आणि बोटात धरून दाबून पाहिला, जसा मुनीम कट्टा दाबतो तसा. मग बाजूला ठेवला.

"छाट," ती म्हणाली, आणि गेली.

संप आम्ही जिंकलो. छाट बायकांसमोर मोडायची, हे मालकाने कबूल केलं. मी विजयाचं पत्रक काढलं. मुनीम होता तिथेच राहिला, कारण त्याच्याबद्दल आम्ही काही मागितलंच नव्हतं. गल्लीतली सुपं एकेक करून सुलटी झाली. मावशीचं झालं नाही. त्या गोदामासाठी तिने पुन्हा एक बिडी वळली नाही.

महिन्याभराने ती उकव्याला लेकीकडे जायला निघाली. मी गाठोडं घेऊन स्टँडवर गेलो. बस दिसण्याआधी ती म्हणाली, "आली." चढताना पायरीवर थांबली.

"दार लावाले सांगतलं तुनं, अन् लावलं म्या. आपन दोघं बी त्यात हावो. मी त आता काही करू शकत नाही. तुले लिवता येते."

गेल्या उन्हाळ्यात ती उकव्यालाच वारली. निरोप बसच्या कंडक्टरने आणला.

मुनीम आता मोठा माणूस झाला आहे. नारबोदेची वर्गणी तोच गोळा करतो. मला काही जण म्हणतात, सोड, जुनी गोष्ट आहे, माफ कर. मावशीने माफ केलं नाही. तिच्या वतीने माफ करणारा मी कोण? मला त्याची झोप उडालेली हवी आहे. माझी उडाली आहे, त्याची का नाही?

पोळा येतो आहे. माझं ते जुनं पत्रक घरात असेल तर फाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारं उघडी ठेवा, ओसरीवर बसा, नारबोदेच्या पाठीवर पोतं दिसलं तर थांबवा आणि सोडून बघा. मग गोदामावर जा. दगड उचलू नका, शिवी देऊ नका. रांगेत उभे राहा आणि एकेकाने पुढे होऊन विचारा, "छाटू कुठं हाय?" पहिल्याला तो हसेल. पाचव्याला ओरडेल. तुमचा नंबर विसावा असला तरी घरी परतू नका. विचारा.