सारख्या गाड्यांसाठी ताहेर मिस्त्री

उदगीरला देगलूर रोडवर ताहेर मिस्त्रींचं गॅरेज आहे. वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे गाडीखाली शिरायचं म्हटलं की आधी पाच मिनिटं नुसतं तिच्याकडे बघत उभं राहायचं, अशी सवय लागलेली.

चार वर्षांपूर्वी लातूरजवळच्या एका माळावर हौशी लोकांची ऑटोक्रॉस शर्यत झाली. मातीत डबे मांडून वळणावळणाची वाट आखायची, एकेकानं गाडी काढायची आणि घड्याळ लावायचं, एवढाच तो खेळ. मिस्त्री एका गिऱ्हाइकाची गाडी सांभाळायला गेले होते. तिथं देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करणारी शिवकन्या आली होती, वडिलांची जुनी मारुती एटहंड्रेड घेऊन. गावोगाव लसी टोचत फिरून तिचा गाडीवर हात बसलेला. एक डबा पाडला नाही तिनं. तरी अकरा सेकंदांनी मागं पडली, कारण पहिल्या आलेल्याच्या गाडीचे नुसते टायरच तिच्या अख्ख्या गाडीपेक्षा महाग होते.

घरी आल्यावर मिस्त्री बायकोला, गौसियाला म्हणाले, "सगळ्यांला एकसारखी गाडी दिली पायजे. मग कळंल कोण चालवतंय."

"आन् देणार कोण?" गौसियानं विचारलं.

गाड्या त्यांना द्यायच्या नव्हत्याच. ज्याची त्यानं आणायची, पण जुनी एटहंड्रेडच, टायर सगळ्यांचे एकाच जातीचे, इंजिनला हात लावायचा नाही. एका कागदावर मावतील एवढे नियम त्यांनी लिहिले. मग वर्षभर पोलीस ठाण्याची परवानगी, डॉक्टर, पाण्याचा टँकर आणि माळाच्या मालकाची मनधरणी. बिलोलीपासून निलंग्यापर्यंत फिरून सात जण जमले. हे सगळं गॅरेज सांभाळून. रविवारी झोप म्हणून राहिली नाही.

पहिल्या मोसमात रंगत आली. कधी अर्ध्या सेकंदानं हारजीत, कधी त्याहून कमी. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी शिवकन्या पहिली आली आणि निलंग्याचा बियाण्यांचा दुकानदार रुद्रेश दुसरा. जिंकलेली गाडी उघडून बघा, असं म्हणायचा हक्क नियमात होता. रुद्रेशनं तो मागितला.

मिस्त्रींनी इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, उतरवलं, पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. हेड असायला हवं त्यापेक्षा पातळ होतं. म्हणजे इंजिनला दाब जास्त, ताकद जास्त.

"घासलंय," ते हळूच म्हणाले.

शिवकन्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "चाचा, मागच्या साली पाइप फुटून गाडी तापली होती. हेड वाकडं झालं म्हणून तुम्हीच घासून आणलं व्हतं की."

मिस्त्रींना आठवलं. गावातल्या वीरण्णाच्या लेथवर त्यांनी स्वतः नेलं होतं ते हेड. गाडी चालू व्हावी, बाईची ड्यूटी बुडू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्यात चोरी नव्हती. पण नियमही त्यांचाच होता. त्यांनी तिचा नंबर काढून घेतला.

ती भांडली नाही. गाडीत बसताना फक्त म्हणाली, "आता बाकीच्यांचे बी खोला."

ते न्याय्य होतं. पुढचे तीन आठवडे मिस्त्री धंद्याची कामं बाजूला ठेवून गाड्या उघडत बसले. सात इंजिनं, सातांची सात मापं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या. कुणाची कधी तापलेली, कुणाची कुठं दुरुस्त झालेली. रुद्रेशच्या गाडीचं हेड तर शिवकन्येच्यापेक्षा पातळ निघालं, आणि ते त्यालाच माहीत नव्हतं. मिस्त्री हातातलं फडकं टाकून स्टुलावर बसले. दोन वर्षं आपण सारख्या गाड्या, सारख्या गाड्या म्हणत हिंडलो, आणि सारखी अशी एकही नव्हती. त्यांना राग आला नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, आतून.

त्यांनी त्या मोसमाचा निकालच रद्द केला. आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "गाड्या सारख्या व्हत न्हाईत. तवा आता प्रत्येकानं प्रत्येकाची गाडी चालवायची. सगळ्या येळा मिळवायच्या. ज्याची बेरीज कमी, तो पैला."

रुद्रेश म्हणाला, "मिस्त्री, माझी गाडी मी भावालाबी देत न्हाई."

"मंग नका येऊ," मिस्त्री म्हणाले. समजावायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

सातातले चार राहिले. शिवकन्या राहिली, रुद्रेश गेला. गेल्या फेब्रुवारीत त्याच माळावर चार गाड्या, चार माणसं, सोळा फेऱ्या झाल्या. बघायला पन्नास माणसंही नव्हती. शिवकन्या तिसरी आली. चारांतल्या एका गाडीचा क्लच तिला उमगला नाही, हे तिनंच कबूल केलं. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर चार सेकंदांचं पडलं. ते बघून मात्र कुणी कुणाच्या गाडीकडं बोट दाखवलं नाही.

डबे गोळा करून मिस्त्री घरी आले. गौसियानं गुडघ्यांना तेल लावता लावता विचारलं, "पुन्हा घेणार का?"

"बघू," ते म्हणाले.

तेवढ्यात बिलोलीहून कुणाचा तरी फोन आला. गाडी आहे, यायचंय म्हणाला. मिस्त्रींनी त्याला नवा नियम सांगितला. पलीकडचा विचार करून कळवतो म्हणाला. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि दुसरा गुडघा पुढं केला.